मेंढरांचं सॉफ्टवेअर आणि कंपनीचे नियम

आमची जुनी माणसं चहाला जमली की कुणीतरी मला डिवचतंच, "सुमन, ते मेंढरांच्या सॉफ्टवेअरचं सांग की." एक सांगायला घ्यावं तर त्याच्यामागून दुसरं येतं, दुसऱ्यामागून तिसरं, आणि घरी भाजी चिरायची राहून जाते. बरं, सांगून तरी काय, समोरच्याला वाटतं मी रंगवून सांगतेय. मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही, तर लोकांना काय बोलू?

तर आम्ही तिघं. माजलगावच्या बसस्टँडसमोर आप्पांचं कापडाचं दुकान, त्याच्यावरच्या खोलीत आमचं ऑफिस. जागा आप्पांची, फोन आप्पांचा, म्हणून शेवटचं मतही आप्पांचंच. प्रोग्राम लिहायचा महादेव. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आणि मी बी.ए. इंग्रजी, म्हणून परदेशाशी बोलायचं काम माझं. इंटरनेट नवं नवं आलेलं, खाली आप्पांनी फोन उचलला की वर आमची लाइन कट. मी जिन्यातून ओरडायची, आप्पा खालून ओरडायचे.

महादेवानं मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. कुठली मेंढी कधी व्यायली, कुठल्या नराची, लोकर कधी कातरली, सगळं एका जागी. आपल्याकडं ते घेणार कोण? म्हणून परदेशातली एक कंपनी शोधली. जगभरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा माल ती आपल्या वेबसाइटवर कार्डानं विकून द्यायची आणि आपला वाटा कापून बाकीचा चेक पाठवायची.

महादेवाच्या वडलांना, म्हाळूमामांना, हे अजिबात पसंत नव्हतं. दिवाळी झाली, कळप घेऊन निघाले, तेव्हा दुकानासमोर उभं राहून पोराला म्हणाले, "मिरगाला परत येतो. तवर एका तरी परक्या मान्सानं हे इकत घ्यावं. नात्यातला नको, वळखीचा नको. न्हाई घेतलं, तर ह्ये बंद. काठी घ्यायची अन् मेंढरांमागं चालायचं." महादेव हो म्हणाला. बापाला शब्द दिला म्हणजे त्या घरात विषय संपला. त्या दिवसापासून पोराच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

*

कंपनीचे नियम आले. काय विकायचं, काय नाही. आमचा प्रिंटर तो जोडकागदाचा, करकर करत छापत बसला. कागद टेबलावरून खाली, दारातून बाहेर, जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागला. आप्पा खालून आले ते त्याचं दुसरं टोक हातात धरूनच.

"पोरी, हे काय, साडी विणायला घातलीस का?"

मी वाचून सांगायला लागले. एक नियम असा, की गिऱ्हाइकाला महिनाभरात आवडलं नाही तर पैसे परत. आप्पा मटकन खुर्चीत बसले.

"म्हंजे वापरून परत?"

"हो."

"महिनाभर नेसून, धुऊन, वाळवून मला लुगडं आणून द्यायचं, अन् मी पैसे मोजायचे?"

"लुगडं नाही आप्पा, सॉफ्टवेअर."

"नेसलेलंच की गं ते." त्या दिवशी आप्पांनी दुपारी दुकान बंद केलं आणि घरी जाऊन झोपले. त्यांच्या आयुष्यात बाजाराच्या दिवशी असं कधी झालं नव्हतं.

*

आप्पांचा हट्ट, की सॉफ्टवेअरमध्ये मुहूर्त पाहिजे. लोकर कातरायला चांगला दिवस, नवा नर आणायला चांगला दिवस. महादेवानं बिचाऱ्यानं पंचांग समोर घेऊन ते सगळं बसवलं. कंपनीनं अर्ज परत केला. भविष्य सांगणारा माल आम्ही विकत नाही म्हणे.

आप्पा लाल झाले. "मुहूर्त म्हंजे भविष्य? मी काय त्येन्ला लॉटरीचा नंबर सांगतोय का? लिव त्येन्ला, तुमी तुमची कंपनी कोणत्या तिथीला उघडली?"

मी ते लिहिलं नाही; महादेवानं गुपचूप मुहूर्त काढून टाकले आणि आम्ही अर्ज पुन्हा धाडला. आप्पा रोज विचारायचे, उत्तर आलं का. मी सांगायची, शोधतायत.

*

मग कंपनीनं विचारलं, हा माल तुमचाच आहे याची खात्री द्या. आता आपल्याकडं खात्री द्यायची म्हणजे काय? महादेव गाडी पकडून वडवणीला गावी गेला, सरपंचाचा दाखला आणला. सदर इसम आपल्या ओळखीचा असून सदर सॉफ्टवेअर त्याने स्वतः केले आहे, वागणूक चांगली आहे. खाली गोल शिक्का. आप्पांनी व्यापारी मंडळाचा शिक्का मारून घेतला. मी माझ्या कॉलेजच्या सरांची सही आणली. एवढं सगळं एसटीडी बूथवरून फॅक्स केलं. फॅक्स लागता लागेना, बूथवाला वैतागला, आम्ही त्याच्यावर वैतागलो.

कंपनीचं उत्तर आलं. कागद फार सुंदर आहेत, आम्हाला यातलं एक अक्षर वाचता आलं नाही. तुम्ही फक्त वेबसाइटवरच्या चौकोनात टिक करा.

महादेव कितीतरी वेळ त्या चौकोनाकडं बघत बसला. "एवढंच?" म्हणाला. "कुनी बी उठून टिक केली तर?"

खरंच, कुणी पण उठून टिक केली तर? शेवटी त्यानं हात जोडले आणि टिक केली. अर्ज मंजूर झाला.

*

माल वेबसाइटवर लागला, पण घेणारं कुणी नाही. होळी गेली, पाडवा गेला. महादेव जेवायचा बंद झाल्यासारखाच. तेवढ्यात एका गोऱ्यानं कंपनीमार्फत मेल केला, किंमत थोडी कमी कराल का?

आप्पांना कोण आनंद. "भाव करतोय! म्हंजे घेनार!" मी बँकेत गेले होते, तेवढ्यात त्यांनी महादेवाला बसवून त्या माणसाला डबल किंमत कळवली. का? तर मग तो कमी करा म्हणेल, आपण कमी करू, तो चहा पिऊन माल घेऊन जाईल. त्यांचा सगळा जन्म याच पद्धतीनं गेलेला.

गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही. वर कंपनीची ताकीद आली. जी किंमत लावली तीच सगळ्यांना, पुन्हा असं केलंत तर खातं बंद. मी आप्पांना इतकं बोलले, इतकं बोलले, की खालची गिऱ्हाइकं जिन्यात येऊन उभी राहिली. आप्पा एवढंच म्हणाले, "भावच करायचा न्हाई, तर मानूस दुकानात येतो कशाला?"

*

आणि मिरग तोंडावर आला. कळप पाटोद्याकडून निघाल्याचा निरोप आला. महादेवानं टेबलाचा खण आवरून ठेवला. मी त्याला बघून खाली गेले आणि उगाच आप्पांशी भांडले. दुसरं करणार काय?

त्याच आठवड्यात एक विकलं गेलं. स्कॉटलंडची एक बाई. भाव नाही, प्रश्न नाही, सरळ कार्ड. आम्ही तिघं एकमेकांकडं बघतच राहिलो. आप्पांनी खाली जाऊन येईल त्याला पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी म्हाळूमामा आले. कळप कॅनॉलच्या कडेला उसाच्या मोकळ्या रानात बसवलेला, मामा घोंगडीसकट वर ऑफिसात. महादेव उभाच राहिला.

"आबा, एक गेलं."

"कोनी घेतलं?"

"बाई हाय. लई लांबची. तिच्याकडं बी मेंढरं हायत."

"तिनं तुला बघितलं?"

"न्हाई."

"आपलं मेंढरू तरी बघितलं?"

"न्हाई आबा."

मामांचं तोंड उघडंच राहिलं. "न बघता? इश्वासावर?" मग माझ्याकडं वळले. "पोरी, आमच्यात पहिल्या गिऱ्हाइकाला मोकळ्या हातानं लावत न्हाईत. वर एक कोकरू देत्यात. त्या बाईला लिव, तुझं कोकरू काढून ठिवलंय. लई लांब हाय तर हितंच वाढंल, कवा बी ये अन् ने."

आता गिऱ्हाइकाला पत्र पाठवायचं तर ते कंपनीमार्फतच जायचं. मी चांगल्या इंग्रजीत लिहून पाठवलं. कोकराचा रंगसुद्धा लिहिला.

दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. जिवंत जनावर आमच्यामार्फत विकता येत नाही, भेट देता येत नाही, कबूलही करता येत नाही. तुम्हाला आधी एकदा ताकीद दिली होती. तुमचं खातं बंद करण्यात येत आहे.

तो नियम जिन्यावरच्या कागदात होता. आम्ही तिघंही तो वाचून हसलो होतो आणि पुढं गेलो होतो. आम्ही कुठं जनावरं विकणार?

मी मराठीत वाचून दाखवलं तेव्हा मामा दारात बसलेले. कळप निघायचा म्हणून महादेवाला न्यायलाच आले होते का नुसते भेटायला, मला अजून माहीत नाही. आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. मला रडू आवरेना. महादेवानं कॉम्प्युटर बंद करायला हात पुढं केला.

"थांब," मामा म्हणाले. "म्हंजे ह्याचं दुकान बंद? माज्या कोकरापायी?"

महादेवानं मान हलवली.

मामा उठून आत आले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या खुर्चीत बसले, पोराच्या, कॉम्प्युटरच्या समोर. काठी मांडीवर आडवी.

"पोरी, त्या कंपनीच्या मालकाला पत्र लिव."

"काय लिहू, मामा?"

"लिव, तुमाला बी दोन कोकरं देतो. पन पोराचं दुकान उघडा."

मी डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. आप्पा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "दोन कमी हायत, म्हाळू. चार लिव म्हनावं."