सीझन संपू दे...

मयेकर गेल्याचं मला त्यांच्या घरून कुणी कळवलं नाही. इथे आखातात, गुदैबियात त्यांच्या इमारतीखाली किराणा दुकान चालवणाऱ्या मल्याळ्याने फोन केला. शुक्रवारची सकाळ होती, मी सनाबिसला घरी चहा घेत बसलो होतो. मयेकरसाब खलास, एवढंच तो म्हणाला. मग हिंदीत पुन्हा पुन्हा सांगू लागला की अँब्युलन्स येऊन गेली, भाभी वर एकट्या आहेत, लवकर या. मी पोहोचलो तेव्हा सुनीतावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सांगू लागल्या, आंघोळ करून आले, खुर्चीत बसले, एसी जरा वाढव म्हणाले... वहिनींनी एसी वाढवला आणि वळून पाहिलं तर मान कलली होती. निनादला कळवलंत का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच कळवा. निनाद त्यांचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत. मी फोन लावला. तो म्हणाला, "काका, मी येऊ शकत नाही. यू नो आय कान्ट."

मला माहीत होतं. गेले दहा महिने माहीत होतं. हा लेख लिहायला बसलो आहे तो त्याचसाठी.

मयेकर आणि मी सित्र्यातल्या एकाच कंपनीत चोवीस वर्षं. ते स्टोअरमध्ये, मी परचेसला. ते देवरुखकडचे, मी दापोलीचा, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बसमध्ये शेजारी बसलो ते बसलोच. मी इक्बाल असून जेवढ्या वेळा इंशाल्ला म्हणत नसेन तेवढ्या वेळा ते म्हणत. स्टोअरमध्ये कुठल्या फळीवर कुठला व्हॉल्व्ह पडला आहे हे कॉम्प्युटरच्या आधी मयेकरांना ठाऊक असे. बोलणं मोजकं, कपड्यांना कायम इस्त्री, आणि आयुष्यात एकच मोठा हट्ट... मुलगा अमेरिकेत शिकून इंजिनियर होणार. निनाद इथेच जन्मला, इथल्या इंडियन शाळेत शिकला, मराठी समजायचं पण उत्तर इंग्रजीतून द्यायचा. हुशार होता. त्याला तिकडच्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला त्या दिवशी मयेकरांनी बसमध्ये सगळ्यांना पेढे वाटले, ड्रायव्हरला दोन दिले.

पहिल्या वर्षीच फोन आखडत गेले. कसा आहेस, बरा आहे. जेवलास का, हो. अभ्यास, चालू आहे. तीन वाक्यांत बापलेकाचं बोलणं संपायचं. एकदा बसमध्ये मयेकरांनी मला विचारलं होतं की तुमची मुलं दूर गेली तेव्हा तुम्ही त्यांच्याशी काय बोलायचात. मला दोन मुली, दोघी बोलघेवड्या, मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मग निनादने एक फोटो पाठवला. प्रचंड मोठं स्टेडियम, आणि गर्दीत हा, अर्धा चेहरा विद्यापीठाच्या रंगात रंगवलेला, हसणारा. मयेकरांनी तो फोटो मला चार वेळा दाखवला. इतका हसताना पोराला मी दहावीनंतर पाहिलं नव्हतं, म्हणाले.

तो तिकडचा फुटबॉल. आपला नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं. मयेकर क्रिकेटचे भक्त, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते शिकले. ऑगस्टमध्ये सीझन सुरू होण्याआधी तिकडे विद्यापीठांच्या पहिल्या पंचवीस संघांची क्रमवारी निघते, कोण किती भारी ठरेल त्याची. पत्रकार मतं देतात, प्रशिक्षक मतं देतात. मयेकरांनी ती यादी ऑफिसात प्रिंट केली, घडी घालून खिशात ठेवली आणि बसमध्ये माझ्यापुढे उलगडली. अजून एकही सामना झालेला नाही तर नंबर कशाच्या जोरावर लावले, हे त्यांना कळेना. मी म्हटलं, मागच्या वर्षी काय केलं, कोण गेला, कोण नवा आला, असं बघून लावत असतील. ते विचार करून म्हणाले, "म्हणजे स्थळ बघतात तसं. घराणं, शिक्षण, आणि बाकी देवाच्या हातात."

त्या आठवड्यात त्यांनी फोनवर निनादला विचारलं, तुमचा संघ बाविसावा का, त्याहून वर का नाही? आणि पोरगा चाळीस मिनिटं बोलला. चाळीस... मयेकरांनी मला सकाळी बसमध्ये मिनिटं सांगितली. त्यानंतर तो शिरस्ता पडला. शनिवारी तिकडे सामना, आमचा रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. सित्र्याला जाताना मयेकर फोनवर निकाल वाचायचे, मला समजावायचे आणि संध्याकाळी निनादशी बोलायचे. वहिनी कौतुकाने म्हणायच्या, या वयात नवं वेड लागलं. वेड कसलं... दुसरा दरवाजा बंद होता, म्हणून माणूस खिडकीतून घरात शिरत होता.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्या संघाला यादीत नववा क्रमांक मिळाला. मयेकर स्टोअरमधून थेट माझ्या टेबलाशी आले. निनादचंही ते शेवटचं वर्ष, मे महिन्यात पदवीदान. त्यांनी तेव्हापासूनच रजेची बोलणी सुरू केली, नवा कोट शिवायला टाकला, अमेरिकेच्या व्हिसाचे फॉर्म आणले. संघाबद्दल तज्ज्ञांनी लिहिलेलं ते मोठ्याने वाचायचे, कुठला खेळाडू परत आला आहे, कुणाचा गुडघा बरा झाला आहे, आणि मध्येच विचारायचे की तिकडे मेमध्ये थंडी असते का. मला तेव्हाही वाटायचं की हा माणूस दोन अपेक्षा एकाच पोत्यात भरतो आहे. बोललो नाही.

संघ पहिलाच सामना हरला, मग तिसरा, मग चौथा. ती यादी दर आठवड्याला बदलते, महिन्याभरात तिच्यातून नाव गेलं. निनादचा फोन पुन्हा आखडला. मयेकर त्याला धीराचे मेसेज पाठवायचे, हार मनाला लावून घेऊ नकोस म्हणून. ऑक्टोबरात व्हिसाच्या मुलाखतीसाठी पदवीदानाचं पत्र हवं होतं. निनाद आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. शेवटी मयेकरांनी मला सांगितलं, तुमचं इंग्रजी चांगलं, तुम्हीच विद्यापीठाला विचारा. मी माझ्या ऑफिसच्या टेबलावरून ईमेल केला. मयेकरांचा ईमेल पत्ताही सोबत घातला, रीतसर.

तीन दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळी. या नावाचा विद्यार्थी सध्या आमच्याकडे दाखल नाही. शेवटची नोंद दुसऱ्या वर्षाची.

मी आधी निनादला फोन केला. इथे माझी पहिली चूक. तो लपवाछपवी न करता सगळं बोलला. दुसऱ्या वर्षी विषय राहिले, मग पुन्हा राहिले, नाव कमी झालं, व्हिसा गेला. दोन तासांवरच्या एका गावात मोटेलच्या काउंटरवर काम करत होता. देशाबाहेर पडला तर पुन्हा अमेरिकेत जाता येणार नव्हतं. स्टेडियममध्ये पाय ठेवून त्याला दीड वर्ष झालं होतं. बापासारखाच तोही निकाल फोनवर वाचत होता. मी म्हटलं, आजच्या आज बाबांना सांग. तो रडायला लागला. "काका, प्लीज. मी सांगेन. फक्त सीझन संपू दे."

आणि मी हो म्हटलं. असली भीक आणि असलं दान... सीझन संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मयेकरांनी ताटावरून नजर न उचलता विचारलं, "इक्बालभाई, विद्यापीठाचं काही उत्तर?" मी म्हणालो, नाही अजून. त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, येईल, इंशाल्ला. आणि ताकाची वाटी माझ्याकडे सरकवली.

सीझन संपला. निनादने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मेच्या आधी मयेकरांनीच बसमध्ये जाहीर केलं की निनादने आणखी सहा महिन्यांचा कोर्स घेतला आहे, समारंभ पुढे गेला. मला वाटलं पोराने त्यांना हे सांगून गप्प केलं. रजेचा अर्ज त्यांनी मागे घेतला. कोट कपाटात. बसमधली संघाबद्दलची बडबड मात्र चालूच होती, फक्त आवाज जरा जास्त मोठा झाला होता.

ते गेले त्याच आठवड्यात या वर्षीची यादी निघाली होती. त्यांनी ती प्रिंट केली नाही. फोनवर वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. संघाचं नाव पंचविसांत नव्हतं. मी सांत्वनाचं काही बोलणार तोच ते म्हणाले, "बरं झालं. आता त्या पोरांना जरा मोकळं खेळता येईल." बस सित्र्याच्या गेटशी थांबली, ते टोपी घालून उतरले. गुरुवार होता.

मयत गावी पाठवायचं ठरलं. कागदपत्रांत चार दिवस गेले, शिक्के, पासपोर्ट, कंपनीचं पत्र. वहिनींचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे त्यांचंही इथलं संपलंच होतं. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांना बॅगा बांधायला मदत करत होतो. माझ्याने राहवेना. मी सांगून टाकलं की वहिनी, निनादचं मला ऑक्टोबरपासून ठाऊक होतं, उत्तर आलं होतं, मी मयेकरांशी खोटं बोललो. त्यांनी साडीची घडी पूर्ण केली. म्हणाल्या, "त्यांनाही आलं होतं की उत्तर. त्यांचा पत्ता तुम्हीच घातला होतात ना?"

मग मला का विचारलं त्यांनी, मी म्हणालो.

"मीपण हेच विचारलं त्यांना. म्हणाले, इक्बालभाईंनी तोंडाने सांगितलं तर बरं होईल, मला कुणापुढे तरी रडता येईल. घरी आले तेव्हा म्हणाले, नाही सांगितलं."

त्यांनी पुढची साडी घडी घालायला घेतली. मला दोष दिला नाही, तो दिला असता तर बरं झालं असतं.

इथे हे सगळं कळल्यावर लोक मला म्हणतात, मयेकर किती समजूतदार, मुलाला लाजवलं नाही, मित्राला उघडं पाडलं नाही. मी आता हे ऐकून घेत नाही. दहा महिने बाप मुलाशी, मुलगा बापाशी आणि मी दोघांशी एका परक्या देशातल्या अनोळखी पोरांच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिलो. याला समजूतदारपणा म्हणत नाहीत, भेकडपणा म्हणतात. आणि त्यात सगळ्यात स्वस्तात सुटलो तो मी. मुलाला लाज होती, बापाला मुलाची लाज राखायची होती. मला काय होतं? एका माणसाला कँटीनमध्ये रडताना बघायची भीती, एवढंच. निनादने बापाचे अंत्यसंस्कार देवरुखहून कुणा चुलतभावाने धरलेल्या फोनवर पाहिले. मधे नेटवर्क गेलं म्हणे.

आता पाच आठवडे झाले. त्या संघाने या वर्षी कुणाच्याही अपेक्षा नसताना ओळीने सामने जिंकले आहेत. मला कसं माहीत? निनाद कळवतो. मयेकर गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी बसमध्ये एकटा बसलो होतो, शेजारच्या सीटवर अजून कुणी बसत नाही, आणि त्याचा मेसेज आला. काका, वी वन. खाली स्कोअर. मला संताप आला. मी लिहिलं: आईला फोन केलास का? तुझं पुढे काय ठरलं? दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. आठवडाभर आलं नाही, आणि त्या आठवड्यात मी किती वेळा फोन उघडून पाहिला ते सांगायला लाज वाटते. पुढच्या रविवारी पुन्हा नुसता स्कोअर आला. बस सित्र्याच्या पुलावर होती. मी लिहिलं: छान. पुढचा सामना कुणाशी?

त्याने लगेच उत्तर दिलं. लांबलचक.