ऑरेलियाच्या मडक्यावरचा रस्ता

नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. इतकी वर्षं हे मी पोटात ठेवलंय. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बसून हे बोलायला जो धीर लागतो, तो माझ्यात कधी नव्हता. खरं तर गोष्ट तेवढीच आहे.

२००४ साली आम्ही न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला राहत होतो. मी नागपूरची, मेटॅलर्जी शिकलेली, पण तिथे डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरात बसून. शिकलेली पण हुकलेली, अशी मीच माझी चेष्टा करायचे. वेळ जावा म्हणून लायब्ररीत मातीकामाच्या एका वर्कशॉपला गेले आणि तिथे शिकवायला आलेली ऑरेलिया भेटली. साठी उलटलेली, बुटकी, मोजकं बोलणारी. शहरापासून तासाभरावर तिचं प्युब्लो होतं. प्युब्लो म्हणजे तिथल्या मूळ लोकांचं, मातीच्या घरांचं जुनं गाव. मडकी करणारी आपण कितवी पिढी, हे तिलाही सांगता यायचं नाही.

त्यांच्याकडे चाक नसतं. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, गुळगुळीत दगडानं घोटायचं, आणि अंगणात शेणाच्या गोवऱ्या रचून भाजायचं. गोवऱ्या म्हटल्यावर मी एवढी हसले की तीही हसली. तेव्हापासून दर शनिवारी मी तिच्याकडे. नवरा म्हणायचा, "यार, अमेरिकेत येऊन गोवऱ्या रचायला शिकतेस? आईंना फोनवर सांगू नकोस हं." एकदा चुकून मी तिला मावशी म्हटलं, अर्थ सांगितला, आणि तिनं ते नाव ठेवूनच घेतलं.

फुटलेलं मडकं ती कधी फेकत नसे. कुटून, वाटून ती पूड नव्या मातीत मिसळायची. त्यानं नवं मडकं आचेला टिकतं. माझ्या मातीत माझी आजी आहे, असं ती अगदी सहज म्हणायची, आपण पिठात मीठ घातलंय म्हणावं तसं.

मी मुद्द्यावर यायचं टाळतेय, कळतंय मला.

मावशी आयुष्यभर आईची नक्षी काढत आली होती. ढग, पाऊस, विजा. मडक्याच्या गळ्याशी एक रेघ गोल फिरवायची आणि जुळायच्या आधी बोटभर मोकळी सोडायची — ती बंद करायची नाही, असा त्यांचा रिवाज. त्या वर्षी पहिल्यांदा तिनं वेगळं काही केलं. तिची मुलगी ट्रक चालवायची, महिनोन्‌महिने घरी नसायची. मावशीनं त्या रेघेचा हायवे केला. त्यावर नखाएवढे ट्रक, मडक्याला प्रदक्षिणा घालणारे. आणि रेघ जिथे मोकळी सोडायची, बरोबर तिथे तिचं गाव. मी आजवर पाहिलेली ती सगळ्यात सुंदर वस्तू आहे. 'आहे' म्हणतेय बघा.

तिची थोरली बहीण रीटा शेजारीच राहायची. ती मडकं बघून एवढंच म्हणाली, "आईनं असं कधी काढलं नाही." मला जाणवलं की बासष्टाव्या वर्षी मावशी लहान मुलीसारखी घाबरली आहे. त्यांच्यात माती ही आई. तिला पटेल की नाही, हे आगीतून बाहेर आल्यावरच कळणार होतं.

भाजायचं ते भल्या सकाळी, वारा सुटायच्या आत. मडक्याभोवती जुने पत्रे, त्यावर गोवऱ्या. आग भरात असताना मावशी रीटाला बोलवायला गेली. जाताना दोन गोष्टी सांगितल्या: राख पांढरी होऊन थंड होईपर्यंत कशाला हात लावू नकोस, आणि फोटो काढू नकोस. फोटोची त्यांच्या गावातच मनाई आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माझ्याकडे नवाकोरा डिजिटल कॅमेरा होता. मी काय करतेय हे नागपूरला कुणाला तरी दाखवायचं होतं. मी काहीतरी करतेय, हे. काठीनं एक गोवरी सरकवली आणि पत्र्याची कड उचलली — दोन बोटं, जास्त नाही. आत मडकं लालभडक झालेलं. फोटो काढला. आणि आवाज आला. टक्.

तापलेल्या वस्तूला गार हवा लागली की काय होतं? यावर मी परीक्षेत उत्तरं लिहिली होती, चांगले मार्क मिळवले होते. मी पत्रा खाली ठेवला, गोवरी जागच्या जागी सरकवली. अगदी नीट लावली.

राख निवल्यावर त्या दोघींनी मडकं बाहेर काढलं. तडा काठापासून खाली आला होता, हायवे चिरत. रीटा हळूच म्हणाली, "तिला नको होतं." टोमणा नव्हता तो, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

"तू इथेच होतीस. वारा सुटला होता का?"

ती काय विचारत होती, कळतंय ना तुम्हाला? तिला वारा हवा होता. वारा असता तर दोष नक्षीचा नव्हता, आईचा कोप नव्हता. पुन्हा काढता आला असता रस्ता. आणि मी — वारा म्हटलं तर तो आत कुठून शिरला म्हणून ती पत्रे तपासेल, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हटलं, "नाही मावशी. पानसुद्धा हललं नाही."

तिनं मान हलवली. पुन्हा कधी ट्रक काढले नाहीत. ढग, पाऊस, विजा. एकदा तिची मुलगी सुट्टीवर आली होती. तिनं विचारलं, "मॉम, माझ्या रोडचं काय झालं?" मावशी म्हणाली, "मी विचारलं, मला उत्तर मिळालं." मी तिथेच माती मळत बसले होते.

फोटोत काही आलंच नव्हतं, नुसता केशरी डाग. "फ्लॅशनं वाया गेलाय, डिलीट कर," नवरा म्हणाला. मी केला.

२००७ मध्ये आम्ही जर्सी सिटीला आलो. निघताना मावशीनं एक वाडगा दिला, ढगांच्या नक्षीचा. म्हणाली, "ते फुटलेलं मडकं यात वाटून घातलंय. तू त्या दिवशी सोबत होतीस, म्हणून तुझ्याकडे राहू दे." मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि थँक यू म्हटलं.

वाडगा टीव्हीशेजारी असतो. कुणी विचारलं तर मैत्रिणीनं दिला म्हणते. तिचा नंबर माझ्याकडे आहे आणि ती अजून फोन उचलते; दिवाळीला आम्ही बोलतो, हवापाण्याचं.

त्या सकाळी वारा नव्हता, ते खरंच होतं. पत्रा मी उचलला होता.