शेडगे काकांचं टर्मिनल

काल मुळशीला जाताना पिरंगुटच्या पुढे आमच्या जुन्या कारखान्याचं गेट दिसलं आणि मी गाडी बाजूला घ्यायला लावली. नातू म्हणाला, आजी, काय झालं? काय सांगणार त्याला...

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही सलाईनच्या बाटल्या बनवायचो आणि मी तिथे कॉम्प्युटर बघायचे. एक मोठं मशीन, त्याला जोडलेली चार टर्मिनलं, म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड... आणि काही अडलं की सगळे माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मीच बिघडवलंय.

नियम कडक होता. बॅचची तपासणी कॉम्प्युटरवर भरली की स्लिप निघायची आणि ती दाखवल्याशिवाय वॉचमन गेट उघडायचा नाही. हे भरायचा अधिकार एकट्या शेडगे काकांना. माले गावचा शांत माणूस, चहासुद्धा हातातलं काम संपवूनच पिणार.

एका दुपारी ते टेबलावरच गेले... हार्ट अटॅक.

दोन दिवसांनी सकाळी निरोप आला, मालेला गॅस्ट्रोची साथ आहे, तिथले पेशंट पौडच्या दवाखान्यात आणलेत आणि सलाईन संपत आलंय. टेम्पो भरून तयार होता. चालवणारे हनीफभाई पौडचेच, आणि त्यांची धाकटी मुलगी गॅस्ट्रोनेच त्याच दवाखान्यात ॲडमिट होती. ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

काकांनी किती भरलंय ते बघायला मी बॅच उघडायला गेले तर मेसेज आला, रेकॉर्ड लॉक आहे. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी टर्मिनलवर तीच बॅच उघडी राहिलीय. तीन टर्मिनलं पाहिली, कुठेच नाही. आता मोठं मशीनच बंद करून चालू करू, लॉक आपोआप सुटेल, म्हणून मी उठले...

आणि मग चौथं आठवलं.

त्यावर पॅकिंगच्या बबनरावांनी काकांचाच पंचा टाकून वर झेंडूचा हार घातला होता. दोघे एकाच गावचे, शाळेपासूनचे; बबनराव काकांना नाना म्हणायचे. कारखान्यात रीतच होती, माणूस गेला की दहाव्यापर्यंत त्याच्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. टर्मिनल तरी काय, मशीनच... त्यामुळे ते कुणी बंदही केलं नव्हतं.

मी पंचा उचलायला गेले तर बबनराव आडवे आले. "ताई, हात लावू नका. दहावा न्हाई झाला अजून."

मला राग आला आणि रडूही आलं. पण कुणाच्या दुःखावर डाफरायचं तरी कसं...

हनीफभाई पुढे झाले. "बबनराव, माझी पोरगी तितं हाय. आन तुमच्या गावची बी लई माणसं हायेत."

बबनरावांनी स्वतःच हार काढला आणि डोळ्यांना लावला. पंच्याची घडी करून ती छातीशी धरली.

पंचा टाकताना कुणीतरी स्क्रीन मंद केली होती, मी ब्राइटनेस वाढवला. बॅच उघडीच होती. सगळे निकाल भरलेले, पास लिहिलेलं, तपासणाऱ्याच्या जागी शेडगे... फक्त सेव्ह करायचं राहिलं होतं. मोठं मशीन बंद केलं असतं तर काकांनी भरलेलं सगळं पुसलं गेलं असतं, आणि पुन्हा भरायला काका नव्हते.

लॅबचा कागद काढून एकेक आकडा ताडून पाहिला. सगळं बरोबर होतं. मग बबनरावांना सेव्हची की दाखवली. त्यांनी हात जोडले. "नाना, तुझं काम पुरं करतो रं," म्हणाले आणि की दाबली.

प्रिंटर खरखरला. स्लिपवर काकांचं नाव आलं. ती घेऊन हनीफभाई निघाले, आणि वॉचमनने स्लिप वाचून टोपी काढली.

पोरगी वाचली. आज तिचीच मुलगी कॉलेजात जाते.

नातवाला मी एवढंच सांगितलं... इथे एक काका होते. ते गेल्यावरही त्यांनी स्वतःच्या गावाला सलाईन पाठवलं.