विचारायला कुणी नव्हतं

खालापूरकडच्या मालोजीची धाकटी बहीण सुंदरा लग्नानंतर वर्षभरातच विधवा झाली. भावानं गावाची बोलणी अंगावर घेऊन तिला पुण्याला नर्सिंग शिकायला धाडलं. परीक्षेत ती पहिली आली. पण वॉर्डात मोठ्या बाईंनी सांगितल्याशिवाय तिनं कधी साधी पट्टीही सोडली नव्हती. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हाच तिथला पहिला धडा.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात ती कर्जतच्या दवाखान्यात रुजू झाली. थोड्याच दिवसांनी, डॉक्टर एका आजारी साहेबासाठी माथेरानला गेले असताना, डोंगराखालच्या ठाकरांच्या वाडीवरनं पदू नावाचा माणूस धापा टाकत आला.

"बाय, चल. माझी बायको कोंडी बाळत झाली, पण रगात थांबत नाय."

"डॉक्टर संध्याकाळी येतील. मी एकटी..."

"तवर ती ऱ्हाईल का?"

सुंदरानं पिशवी उचलली.

झोपडीत पोर टाहो फोडत होतं. वार आतच अडकली होती आणि कोंडीचे ओठ पांढरेफटक पडले होते. वाडीची सुईण भागी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सुंदरानं पोट चोळलं, दाबलं; वार हलेना. अशा वेळी आत हात घालून ती सोडवतात, हे तिला ठाऊक होतं. पुण्यात तिनं ते पाहिलं होतं, पण बाजूला भांडं धरून. तिची नजर सारखी दाराकडे जाई. कुणीतरी येऊन नुसतं 'कर' म्हणावं!

"आमी काय करू, सांग ना गं बाय," भागी म्हणाली.

आता सांगणारी सुंदराच होती.

"पाणी उकळा. तिला घट्ट धरा."

औषधाच्या पाण्यात तिनं कोपरापर्यंत हात धुतले. कोंडी किंचाळली. वार निघाली, रक्त थांबलं. कोंडीनं पोराला कुशीत घेतलं.

तिसऱ्या दिवशी कोंडीला ताप भरला. डॉक्टर स्वतः गेले, औषधं दिली, पण ती वाचली नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं हात घालायला?" डॉक्टर कडाडले.

"मग मी काय करायला हवं होतं?"



आता माहेरी जायचं, असं ठरवून सुंदरानं ट्रंक भरली. जाण्याआधी मात्र ती छातीचा दगड करून वाडीवर गेली. पदू पोराला शेळीचं दूध पाजत होता.

"तुज्या हातानं मेली का तुज्या हातानं जगली, मला नाय कळत," तो म्हणाला. "पण ह्यानं चार दिस आईचं दूध पिलं."

सुंदरा परतली ती दवाखान्यातच राहिली. पावसाळ्यात त्याच वाडीवरनं पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टर होते, तरी बायकांनी तिलाच मागितलं. सुंदराबाई कशाला घाबरत नाही, असं पुढं कर्जतात सगळे म्हणत. ती हसून घेई. बाळंतीण न्हाऊन उठेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.