सात नंबरच्या कॉटवरचं इन्शुलिन

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसातला मी माझ्या हातानं चुकीच्या पेशंटला इन्शुलिन दिलं. दोनदा लिहून पुसलं... पण लिहिते.

मी बेळगावच्या एका हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं झाली. वडगावात आमचे माग, घरात नोकरी करणारी मी पहिलीच. अण्णा अजून गल्लीत कुणालाही थांबवून सांगतात, 'आमची पोरगी सिस्टर हाय.'

मागच्या महिन्यात आमचं क्वालिटीचं ट्रेनिंग झालं. पेशंटला कॉटच्या नंबरवरून ओळखायचं नाही, नाव त्यांच्याच तोंडून ऐकायचं, मनगटावरचा पट्टा वाचायचा, मगच सुई. टेस्टमध्ये मी पहिली आले, भिंतीवर पोस्टरही मीच चिकटवलं. नव्या मुलींचा क्लास घ्यायचं कामसुद्धा मलाच मिळालं... मोठी शहाणी!

सोमवारी माझी सुट्टी होती. त्या दिवशी दोन नव्या पेशंट आल्या. सात नंबरला खानापूरकडच्या रुक्मिणीआक्का, शुगरच्या. समोरच्या भिंतीला बारा नंबरवर निपाणीकडच्या गंगूआक्का. मंगळवारी त्यांचं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन, म्हणून उपाशी ठेवलेल्या.

आता बारा नंबरचं उशाकडचं टोक येतं उत्तरेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उत्तरेला डोकं करून झोपायचं म्हटल्यावर गंगूआक्कांच्या जिवाला थारा नव्हता. रुक्मिणीआक्कांना दया आली आणि संध्याकाळी दोघींनी उशा-चादरी उचलून कॉट बदलल्या. सिस्टरला सांगायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार?

सकाळी मी यादीप्रमाणं ट्रे घेऊन सात नंबरला गेले. 'आक्का, सकाळचं इंजेक्शन हं.' त्या 'व्हय बाई' म्हणाल्या आणि बाही वर केली... ऑपरेशनआधीचं असेल असं त्यांना वाटलं. मी ना नाव विचारलं, ना पट्टा बघितला. नाष्ट्याची गाडी वॉर्डात आली होती, अजून सहा जणी राहिल्या होत्या, हात सवयीनं चालले.

सुई काढली आणि समोरच्या बारा नंबरवरून आवाज आला, 'बाई, माझी सुई न्हाय व्हय आज? न्याहरी आलीया की!'

मी पुढ्यातल्या आक्कांचा पट्टा बघितला... गंगूबाई. शुगर नसलेली, उपाशी बाई आणि अंगात इन्शुलिन. आधी घाम, मग भोवळ, मग झटके, मग बेशुद्धी... पुढचं सगळं मला पाठ होतं.

कुणी बघितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, ते डोक्यात आलं... गुपचूप ग्लुकोज लावावं, कुणाला कळणार? पूर्वी एका सिस्टरला एका गोळीच्या चुकीवरून सगळ्यांसमोर झापून दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं. ट्रेनिंगमध्ये 'चूक सांगा, शिक्षा नाही' म्हणाले होते खरे, पण त्यावर आमच्यातल्या कुणाचाच विश्वास नव्हता. डोळ्यांपुढं सारखे अण्णा येत होते.

तेवढ्यात गंगूआक्का बाही खाली ओढत म्हणाल्या, 'हात हलका हाय गं तुझा. कळलं बी न्हाय.'

बास. मी पळत इन्चार्ज सिस्टरकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर धावत आले, ग्लुकोज चालू झालं, दर पंधरा मिनिटांनी शुगर तपासायचं ठरलं. बोटाला टोचायला मीच बसले. शहाण्णव... ऐंशी... अठ्ठावन्न. आक्कांच्या कपाळावर घाम आला, ओठ थरथरायला लागले. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती. अजून ग्लुकोज दिलं, आणि दहाच्या सुमारास आकडा एकदाचा वर चढला.

ऑपरेशन एक दिवस पुढं गेलं. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून खरं सांगितलं, मीही हात जोडून म्हटलं, 'चूक माझी आहे.' त्यांचा मुलगा खूप ओरडला, त्याचं बरोबरच होतं. आक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. ते मला जास्त लागलं.

दुपारी मेट्रननं बोलावलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहूनच आत गेले. पण त्यांनी पहिल्यापासून काय काय झालं ते विचारलं, कॉट का बदलल्या तेही. लेखी खुलासा द्यावा लागला, आणि महिनाभर माझं प्रत्येक इंजेक्शन दुसरी सिस्टर बघणार. नोकरी मात्र राहिली... आणि आता आमच्याकडं भरती करतानाच विचारतात, 'डोकं कुठल्या बाजूला चालेल?'

नव्या मुलींचा क्लास मी शुक्रवारी घेतला. पोस्टर बाजूला ठेवलं आणि हेच सांगितलं. कुणी हसलं नाही. एक तर वही मिटून नुसतं ऐकत बसली.

शनिवारी गंगूआक्का घरी जाणार होत्या. शेवटचं इंजेक्शन माझ्याच ड्युटीत आलं. त्या नको म्हणतील, दुसरीला बोलवा म्हणतील, या भीतीनं, बघणारी सिस्टर शेजारी असूनही, मी ट्रे घेऊन कॉटपाशी नुसती उभी राहिले.

आक्कांनीच पट्ट्याचा हात माझ्यापुढं केला. 'गंगूबाई. निपाणीकडची. शुगर न्हाय मला... वाच, मग दे.'

अण्णांना अजून सांगितलेलं नाही, ही पोस्ट वाचून भाऊ सांगेलच. पट्टा आता मी बोट ठेवून दोनदा वाचते. आक्का, तुम्ही तो हात पुढं केलात म्हणून मी अजून सिस्टर आहे.