दाराजवळची खाट

गुलबर्ग्याच्या आमच्या मुलांच्या वॉर्डात दाराजवळ एक खाट होती. लेकरू आता राहत नाही असं दिसलं की आम्ही नर्स त्याला तिथं हलवायचो, म्हणजे न्यायच्या वेळी बाकीच्या मुलांना दिसू नये. दुखणं थांबवणारं मॉर्फिनही त्या खाटेवर गेल्यावरच सुरू व्हायचं. नियम कुणी केला नव्हता, पडत गेला होता. आयांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी मॉर्फिनला दाराजवळचं औषध असं नावच ठेवलं होतं.

भालकीकडची सात-आठ वर्षांची एक मुलगी आली, तेव्हा तिचा कॅन्सर हाडांत उतरला होता. चादर बदलायची म्हटली तरी किंचाळायची. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं, पण बाटली कपाटातच राहिली. आमच्या हेड सिस्टर मनानं वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "एवढ्यात कशाला? पोरगी जेवायलीय, बोलायलीय. पॅलिएटिव्ह म्हंजे शेवटी करायचं असतंय."

मी नुकतीच त्याच पॅलिएटिव्हच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायच्या ट्रेनिंगहून आले होते, आणि तशीही तोंडाची फटकळ. म्हटलं, "शेवट आला न्हाई म्हणून तिनं ओरडत पडायचं का, मॅडम? आजार बरा करणं आपल्या हातात न्हाई. दुखणं कमी करणं हाय की!" त्यांनी चाव्या टेबलावर आपटल्या. पण दिल्या.

आई मात्र ऐकेना. औषधाचा चमचा बघताच तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. "ते दाराजवळचं औषध हाय. कामून द्यायलाव? माझी पोरगी मरायली न्हाई अजून."

मला राग आला, तिचा नव्हे, आमचाच. हे तिला आम्हीच शिकवलं होतं. मी आणि दुसऱ्या एका नर्सनं ती रिकामी खाट फरफटत सामानाच्या खोलीत नेऊन टाकली. लोखंडाचा तो कर्कश आवाज सगळ्या वॉर्डानं ऐकला. परत येऊन आईला म्हटलं, "अक्का, तुमची पोरगी हितंच, खिडकीपाशी राहणार. हे मरायचं औषध न्हाई. दुखायच्या आधीच, वेळच्या वेळी द्यायचं. आज दुपारी ती झोपली न्हाई, तर मला काय बोलायचं ते बोला."

तिनं पोरीच्या तोंडावरचा हात काढला. मग चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच पाजला.

पोरगी झोपली. उठली ती भांडतच. वेणी घट्ट घातली, ही भाजी नको, शेंगदाण्याची चटणी कुठाय! आई शिव्या देत होती आणि हसत होती. दुसऱ्या दिवसापासून औषधाची वेळ झाली की हेड सिस्टरच मला हाक मारू लागल्या. मॉर्फिननं शौचाला होत नाही, म्हणून जोडीला पोट साफ व्हायचं औषध त्यांनीच आठवणीनं काढून ठेवलं.

पुढं मायलेकी घरी गेल्या. घरी औषध कसं द्यायचं ते मी आईला शिकवलं होतं, काही अडलं की ती फोन करायची. मग फोन यायचे थांबले.

ऊसतोडीच्या दिवसांत आई एकटीच आली, उरलेलं औषध परत द्यायला. बाटली हातात घेतली आणि मला रडू आवरेना. त्याच वेळी पलीकडं बसवकल्याणकडची एक बाई आपल्या मुलाला औषध द्यायला नको म्हणत होती. ही उठली, तिच्याजवळ जाऊन बसली.

"पाज, बाई," ती म्हणाली. "माझी पोरगी गेली, व्हय. पण शेवटपर्यंत भांडली माझ्याशी."