आठवं गाणं कोणी गायलं

मरियम सलालाहहून परतली ती आवाज तिथेच ठेवून. खरीफमध्ये, म्हणजे तिकडच्या धुक्यापावसाच्या दिवसांत, उघड्या मैदानावर तिचे लागोपाठ कार्यक्रम झाले होते. इकडे ओमानच्या राजधानीत, बौशरच्या आमच्या स्टुडिओत ती माइकसमोर उभी राहिली, पहिली ओळ घेतली, आणि वरच्या सुराला नुसती हवा आली. डॉक्टरांनी गाणं बंद ठेवायला सांगितलं. अल्बममधली सात गाणी झाली होती. आठवं राहिलं होतं.

मी तिथे साउंड इंजिनिअर होतो. आवाज रेकॉर्ड करायचा, स्वच्छ करायचा, वाद्यांत नीट बसवायचा, एवढंच माझं काम. मरियम सोल गायची. हा मूळचा अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा प्रकार. चर्चमधल्या प्रार्थनेची आर्तता प्रेमाच्या गाण्यात आली की त्याला सोल म्हणतात, असं मी नव्या लोकांना सांगायचो. मरियमचे आजोबा झांजिबारहून ओमानात परतलेले. आवाज जाड, मधाळ. सगळा अल्बम संथ प्रेमगीतांचा होता.

गायक हजर नसला तरी वादकांचं काम अडू नये म्हणून दुसऱ्या कुणाकडून गाणं गाऊन घेतात. त्याला गाईड ट्रॅक म्हणतात. मूळ गायक आला की तो काढून टाकायचा. आठव्या गाण्याचा गाईड वृंदाने गायला होता.

वृंदा सीबला राहायची. नवरा इंजिनिअर, ती त्याच्या फॅमिली व्हिसावर, म्हणजे तिला कामाची परवानगी नाही, मुलगी लहान. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत साउंड सांभाळताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं, आणि मरियमच्या मागे कोरसला बोलावलं. हौस म्हणून यायची. रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. त्या उकाड्यात ओढणीने मान पुसत तिने आठवं गाणं एका दमात गायलं आणि विचारलं, "काका, गाईडला चालेल ना? की अजून वाईट गाऊ?"

मरियमने ते गाणं तोवर एकदाही पूर्ण गायलं नव्हतं. हे महत्त्वाचं आहे.

रिलीजचा कार्यक्रम एका हॉटेलात ठरला होता. आमच्या अर्बाबने, म्हणजे स्टुडिओच्या मालकाने, गाईड ऐकला.

"ये वो इंडियन मॅडम है? यही डाल दो."

"अर्बाब, उसका नाम?"

"कैसा नाम? फॅमिली व्हिसा है उसका. नाम छापेगा तो हजबंड फसेगा. यल्ला, खलास करो."

माझा व्हिसा त्याच्या हातात होता, हे खरं. पण त्याने मला फार दटावलंही नव्हतं. वृंदाला एक फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही. सॉफ्टवेअरने तिचा आवाज किंचित जाड केला, आधीच्या सात गाण्यांशी जुळवला. नंतर अर्बाबच्या सांगण्यावरून मूळ फाइल्स पुसून टाकल्या.

मरियमने हेडफोन लावून ऐकलं. "उस्ताद, ये मैं हूँ?"

"तुम ही हो," मी म्हणालो. "बीमारी से पहले के टुकड़े जोड़े हैं."

तिचा माझ्यावर विश्वास होता. पुढे गळा सुधारल्यावर ती हेच रेकॉर्डिंग ऐकून गाणं शिकली आणि स्टेजवर तसंच्या तसं गाऊ लागली. अल्बममधलं तेच गाणं सगळ्यात जास्त चाललं, पार मुंबईपर्यंत पोचलं.

एक दिवस वृंदाचा फोन आला. "काका, मी भाजी घेत होते आणि मॉलच्या स्पीकरवर मीच लागले!"

"तुझ्यावरून शिकून गायली आहे ती."

"बरं. मी दुसऱ्या कडव्यात श्वास चोरलाय. तोसुद्धा शिकून चोरला का?"

मला कबूल करावं लागलं. वर मीच तिला व्हिसाची भीती घातली, कुठे बोलू नकोस म्हणालो. ती हसली. तेव्हा तिला थोडी मजाच वाटली असावी.

मग तिने मुंबईच्या एका संगीत कंपनीला आपली गाणी पाठवली. उत्तर आलं ते असं: आवाज उत्तम, पण स्वतःचा नाही. त्या आठव्या गाण्यातल्या मरियमची नक्कल आहे.

ती माझ्या घरी आली. बसलीसुद्धा नाही.

"काका, मी माझीच नक्कल करते म्हणे. तुम्ही त्या माणसाला एक फोन करा. बाकी कुणाला सांगू नका. फक्त त्याला."

मी म्हणालो, "इन्शाल्ला. बघतो."

इथे तोंडावर नाही म्हणायचं नसेल तेव्हा लोक असंच म्हणतात. तीही इथे बरीच वर्षं राहिलेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल घातली. त्यानंतर मंडळातही ती गायली नाही.

अर्बाब आता नाही. मरियमने गाणं सोडलं. तिला मी पत्ता शोधून सगळं कळवलं, उत्तर आलं नाही. गेल्या थंडीत मी वृंदाच्या घरी गेलो, खरं काय ते सांगायचं आहे म्हणालो. तिची मुलगी ईशा आता कॉलेजात आहे. वृंदा म्हणाली, "मला काय सांगता? मला माहीत आहे. हिला सांगा. मी एकदा बोलले तर तासभर हसत होती."

मी ईशाला सगळं सांगितलं. तिने मोबाइलवर गाणं लावलं, आईकडे बघत ऐकलं.

"आई, गा ना. एकच लाइन."

"जमत नाही गं आता," म्हणत वृंदा कप उचलून आत गेली.

"अंकल, ओरिजिनल फाइल असेल ना?"

"नाही. मीच पुसली."

"ओके." मुलगी सभ्य आहे. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून हसली. "नाइस स्टोरी, अंकल."

तरी लिहून ठेवतो: त्या अल्बममधलं आठवं गाणं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या श्वासापर्यंत वृंदाने गायलं आहे. नव्या इंजिनिअरांना सांगण्यासारखं एवढंच, की खरं वेळेवर सांगितलं तर ती साक्ष असते. उशीर केला की लोक ऐकून घेतात आणि चहा पाजून निरोप देतात.